कानाला मंजुरी नाही

सन १९७४ मध्ये, ऑक्टोबरच्या छाटणीआधी, तासगावच्या रंगूबाईंच्या द्राक्षबागेतल्या काही वेली आतून कुरकुरू लागल्या. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका संशोधन केंद्रातून अंजनाबाई नावाच्या तरुण संशोधिका आल्या. त्यांनी डॉक्टरांची नळी खोडांना लावून ऐकलं. आत खोडकिडा लाकूड चावत होता.

"वाजणाऱ्या वेलींना या आठवड्यात औषध टोचलं, तर बाग वाचेल," त्या म्हणाल्या.

"मग टोच की, पोरी! माजं समदं हितंच हाय," रंगूबाई म्हणाल्या.

औषध केंद्राच्या कपाटात होतं आणि किल्ली संचालक लालासाहेबांच्या खिशात.

"किडा पाहिला का?" लालासाहेबांनी विचारलं.

"नाही सर. ऐकला."

"ऐकून तर आमचे सासरेही माझ्याविषयी मत बनवतात! शास्त्र निरीक्षणावर चालतं, अंजनाबाई. कानाला मंजुरी नाही."

तरीही केंद्राने उदार मनाने श्रवण समिती नेमली. श्रवणास शांतता अत्यावश्यक असल्यामुळे बागेच्या चारही कोपऱ्यांत कर्णे बसवून ‘शांतता राखा’ ही सूचना अखंड देण्यात आली. समितीची जीप एकदा बंद पडली की ढकलावी लागे, म्हणून ती चालूच ठेवली. सदस्यांनी आळीपाळीने नळी कानाला लावली आणि अहवाल दिला : ‘किड्याचा आवाज आढळला नाही. सूचना मात्र सर्वत्र स्पष्ट ऐकू आली.’

अंजनाबाईंनी हरकत घेतली, तेव्हा प्रत्यक्ष पाहायचं ठरलं. एक वाजणारी वेल तोडून खोड चिरलं. किडा निघाला. सदस्यांनी चष्मे पुसून त्याचं दर्शन घेतलं.

"आता द्या औषध," अंजनाबाई म्हणाल्या.

"कुणाला? वेल कुठं आहे?"

एका वेलीवरून निष्कर्ष काढणं उतावळेपणाचं ठरलं असतं, म्हणून बाकीच्या वाजणाऱ्या वेलीही तोडल्या. प्रत्येकीत किडा होता.

"आवं सायेब, गप हायती त्यास्नी तरी हात लावू नगा!"

"पण बाई, त्यांच्यात किडा नाही, हे पाहायला नको का?"

त्याही तोडल्या. किडा नव्हता. अंजनाबाईंचा कान तंतोतंत खरा ठरला. विहिरीकडची एक वेल तेवढी वाचली, कारण समितीची जेवणाची वेळ झाली.

या यशानिमित्त सांगलीत लालासाहेबांचं ‘संशोधनात ऐकण्याचे महत्त्व’ या विषयावर व्याख्यान झालं. अंजनाबाईंनाही काही सांगायचं होतं. त्यांना हार घालून खाली बसवण्यात आलं.

"शास्त्रज्ञाने आधी ऐकायला शिकलं पाहिजे!" लालासाहेब गरजले.

तेवढ्यात मागून रंगूबाई उठल्या. "सायेब, ती हिरीकडची वेल कालपास्नं वाजाय लागलीया. कपाटाची किल्ली जरा—"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

लालासाहेबांना ऐकू आलं नाही. ते बोलत होते. मीही सभागृहाच्या कोपऱ्यात होतो, आणि माझ्या कानांवर माझा स्वतःचाच भरवसा नाही. पण आपण तर पुढच्या रांगेत होता. बाई पुढं काय म्हणाल्या हो? की टाळ्या आपल्याच होत्या?