बर्लबरोबर हौदात

पाण्यात माणूस बुडवायचा आणि वर काढायचा, त्याला कसला आलाय सराव? असं मी ओडेसाबाईंना ठणकावून सांगितलं, तिथेच माझं चुकलं!

ओडेसाबाई ओहायोतल्या आमच्या छोट्या बॅप्टिस्ट मंडळीच्या पाळक, म्हणजे पास्टर. वय बहात्तर, उंची सहा फूट. तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली शिकत होते. अंत्यविधीला काय बोलू नये इथपासून घरभेटीत चौथ्या घरचा केक हसतमुखाने कसा संपवावा इथपर्यंत! मला पाळक करायचं की नाही, याचा त्या रविवारी निकाल लागायचा होता. आधी बर्लचा बाप्तिस्मा, मग दीक्षा समितीचे प्रश्न आणि लगेच मतदान. समितीचे प्रमुख हार्लनकाका. "एवढ्याशा बाईला बर्ल पेलायचा नाही," असं ते गावभर सांगत होते. बर्ल ट्रक चालवायचा आणि ट्रकच्याच मापाचा होता.

"लुएला, निदान गुरुवारी चर्चच्या भरल्या हौदात उतरून बघ," बाई म्हणाल्या.

"बाई, तुमची रबरी विजार तेवढी द्या. बाकी माझ्यावर सोडा!"

ही विजार मासे पकडणारे घालतात तशी, छातीपर्यंत, खाली बूट जोडलेले. झग्याच्या आत घातली की पाळक कोरडा राहतो. कोरडा! सहा फुटी बाईंच्या विजारीत माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या.

"पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने!" म्हणत रविवारी हौदात मी बर्लला मागे झुकवलं. बर्ल खाली गेला, पाणी वर आलं आणि थेट माझ्या विजारीत शिरलं! पाय शिशासारखे जड झाले. तरी जिवाच्या आकांताने मी त्याला वर काढलं. तो उभा राहिला आणि मी आडवी झाले! मग बर्लने झगा धरून मला बाहेर ओढलं आणि काय बोलावं ते न सुचून मलाच म्हणाला, "देव तुझं भलं करो!"

सगळे टकमक बघत राहिले. तीन वर्षं पाण्यात गेली म्हणून मला रडूच फुटलं. तेवढ्यात मागून बाई गरजल्या, "अरे, बघत काय बसलात? माणूस वर आला की नाही? आमेन म्हणा!"

"आमेन!" अख्खं चर्च दणाणलं.

पाण्याने जड झालेली विजार काही केल्या निघेना. समितीपुढे तशीच गेले, पावलागणिक पचक पचक!

"पाळकाला सगळ्यांत आधी काय यायला हवं?" हार्लनकाकांनी विचारलं.

"ऐकायला, काका. बाईंनी सराव कर म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. पण बर्लला मी सोडलं नाही."

काकांनी माझ्या पायाखालचं तळं बघितलं. मग पहिला हात त्यांचाच वर गेला. सातपैकी सात! बाईंनी माझ्या ओल्या डोक्यावर हात ठेवून मला दीक्षा दिली. मी पुन्हा रडले, या वेळी आनंदाने.

नंतर कॉफी घेताना काका जवळ आले, घसा खाकरला. "रेव्हरंड," ते म्हणाले. मला! "ईस्टरला माझ्या नातीचा बाप्तिस्मा तुम्हीच करा."

माझी छाती फुगली. "नक्की, काका!"

काका आणखी जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "ईस्टरला बर्ल मोकळा असतो ना हो?"