दत्तूभाऊंच्या डोक्यावरची धरणं

दत्तूभाऊंच्या डोक्यावर तीन धरणं आहेत. समोर डिंभं, उजव्या कानावर येडगाव आणि मागं माणिकडोह.

केस कायमचे गेलेल्या या तीन गुळगुळीत जागा. नावं त्यांनीच आमच्या भागातल्या धरणांवरून ठेवलेली. पेठला स्टँडसमोर त्यांचं सलून, आणि रस्त्याच्या अलीकडं माझं. गिऱ्हाईक त्यांच्या खुर्चीत बसायच्या आधीच विचारायचं, "काय दत्तूभाऊ, डिंभ्यात साठा किती?" दत्तूभाऊ आरशात वाकून बघायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "वाढतोय. औंदा कालव्याला पाणी सोडावं लागतंय."

पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलेलं रोगाचं नाव त्यांनी आठवडाभर घोकून पाठ केलं होतं. लायकेन प्लॅनोपायलारिस. घरी आलेल्या पाहुण्याचं नाव घ्यावं तसं ते मानानं घ्यायचे आणि गिऱ्हाइकाकडूनही म्हणून घ्यायचे. चुकलं की वस्तरा गालावरच थांबायचा. "पुन्ना म्हणा."

"सादं टक्कल न्हाई हे, राव. आपलंच शरीर आपल्याच केसाच्या मुळावर चालून जातंय. मूळ गेलं की जागा बुजती, परत उगवायचं नाव नाय. लई दुर्मिळ! सगळ्या तालुक्यात एकाला हाय." असं म्हणून सत्कार झाल्यासारखे हसायचे.

मी अलीकडून बघत असे. माझी खुर्ची फिरणारी, आरसा मोठा, उन्हाळ्यात कूलर. वय बावन्न, पण डोक्यावरचा एक केस हललेला नाही. मात्र केस शाबूत आहेत म्हणून कुणी कुणाची चौकशी करत नाही. त्यांच्या बाकावर माणसं नंबर लावून बसायची आणि माझ्याकडं यायची ती पेपर वाचायला. खोटं कशाला सांगू, मला त्यांच्या रोगाचासुद्धा हेवा वाटायचा.

हा रोग लागत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. डॉक्टरचा कागद दत्तूभाऊंनी पहिल्यांदा मलाच वाचायला दिला होता. तरीही एक दिवस लोणीचे एक पाहुणे माझ्याकडं दाढीला आले, समोर दत्तूभाऊंकडं बघत म्हणाले, "भाऊ, ते लागण व्हणारं तर नाय ना?" आणि मी उत्तर दिलं नाही. पाकिटातून नवं ब्लेड काढलं, त्यांच्या डोळ्यांदेखत मोडून वस्तऱ्यात बसवलं आणि म्हणालो, "आपल्याकडं काळजी करू नका."

एवढंच. यातला एक शब्दही खोटा नव्हता. महिन्याभरात माझ्या बाकावर जागा पुरेना.

आमचा धंदा सोमवारी बंद. असाच एका सोमवारी शटर अर्धं ओढून झाडत होतो, तर दत्तूभाऊ वाकून आत आले. डोक्यावर टोपी. टोपीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"एक काम व्हतं तुझ्याकडं. गुरुवारी ओझरला नातीचं जावळ हाय. तू काढ."

"मी? घरात आजा असताना?"

"सूनबाई म्हणती, आबांचा हात नको. लोणीचं माहेर तिचं. तिच्या भावानं सांगितलं, हे लागतंय म्हणून." ते झाडलेल्या केसांकडं बघत होते. "तिचा बी दोष नाय. आई हाय ती."

"कागद दाखवला का?"

"कागदावर कोण इस्वास ठिवतं? लोकास्नी डोळ्यानं बगायचं असतं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी फक्त "बरं" म्हणालो. आणि क्षणभर मला जिंकल्यासारखंही वाटलं.

गुरुवारी देवळाबाहेर झाडाखाली नात मामाच्या मांडीवर बसली. जावळ झेलायला आत्यानं पदर पसरला. दत्तूभाऊ लांब, चपलांपाशी उभे. मामा म्हणजे तेच लोणीचे पाहुणे. मला बघून ते बहिणीला म्हणाले, "आता काळजी नाय. ह्यांच्याकडं कसं, नवं ब्लेड असतंय."

मी कात्री खाली ठेवली.

"हा रोग लागत नाही," मी म्हणालो. "तुम्ही मला विचारलंत, तेव्हाही मला माहीत होतं. गिऱ्हाईक मिळावं म्हणून मी गप्प बसलो."

 मी दत्तूभाऊंपाशी जाऊन पायरीवर बसलो. "आधी माझी दाढी करा. त्यांना डोळ्यांनी बघू द्या."

 त्यांनी माझ्या पेटीतला वस्तरा घेतला. "हनुवटी वर," एवढंच म्हणाले. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा सूनबाई पोरीला घेऊन शेजारी उभी होती.

"आबा, तुमीच काढा," ती म्हणाली.

पोरगी एकदाही रडली नाही. माझ्या हातात पोरं हमखास रडतात. तेव्हाही मला हेवा वाटला, हेही लिहून टाकतो.

पण दत्तूभाऊंना फार वेळ लागत होता. एक बट कापायची, थांबायचं, अंगठ्यानं जागा चाचपायची, मुळाशी वाकून बघायचं. टाळू, कानामागं, मान, पुन्हा टाळू. एवढ्याशा डोक्यावर काय शोधतात, म्हणून मी जवळ सरकलो. ते स्वतःशीच पुटपुटत होते.

"हितं धरण न्हाई... हितं बी न्हाई..."