पुन्हा पुन्हा परतणारं बाळ

सेनोनने बाळ येशू चोरला तो मंगळवारी भरदुपारी, आणि तोही सख्ख्या थोरल्या भावाच्या घरातून.

चोरी तशी रीतीचीच होती. डोंगरातल्या मुकुसाय गावात नाताळला गव्हाणीत निजवलेलं बाळ दोन फेब्रुवारीच्या सणाआधी गाणी म्हणून उभं करावं लागतं. कुणी आळस केला तर शेजाऱ्याने ते खुशाल पळवावं. मग मालकाने मेणबत्त्या आणि व्हायोलिनवाले घेऊन घरोघर शोध काढायचा, चोराच्या दारात उभं राहून गायचं, आणि चोराने मुकाट्याने दार उघडून बाळ परत द्यायचं. नंतर मालकाच्या खर्चाने केक आणि वाइन. यात पाप कसलं, उलट चोराचा मान असतो.

सेनोनला मानाची पडलेली नव्हती. त्याला हवा होता भाऊ, आपल्या दारात उभा असलेला. सहा वर्षांपूर्वी, आईच्या मृत्यूनंतरच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला, तो चारचौघांत आबुंदियोला म्हणाला होता, "तुम्ही काय, आई गेल्यावर आलात. जागरणाची कॉफी उकळल्यावर." आबुंदियोला उशीर झाला होता खरा, पण तो तिच्या अखेरच्या संस्कारासाठी पाद्रीला आणायला बर्फातून पायी खिंड ओलांडून गेला होता. हे गावाला ठाऊक होतं. बोलताना सेनोनलाही ठाऊक होतं. त्या दिवसापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते, आणि आता आबुंदियो कायमचा निघाला होता. सणाच्या दुसऱ्या दिवशी, खाली बारिनास शहरात, लेकीकडे. कुत्रासुद्धा त्याने देऊन टाकला होता.

त्यात रविवारी कहर झाला. पाद्री महिन्यातून एकदाच वर यायचे, एरवी चर्चमध्ये शुभवर्तमान सेनोनच वाचायचा. नेमकं वाचायला आलं ते वेदीपाशी अर्पण आणलेल्या माणसाचं. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. दुसऱ्या बाकावर आबुंदियो टोपी मांडीवर घेऊन बसला होता. सेनोनचा आवाज असा चिरकला की शेजारीण डोन्या रूपेर्ताने मागून त्याला खोकल्याची गोळी पाठवली.

'जा म्हटलंय खरं,' घरी येताना सेनोनने विचार केला, 'पण तोच आला तर बिघडलं कुठं?' पळवाट शोधायला सेनोनचं डोकं भलतंच तल्लख चालायचं.

मंगळवारी धुकं इतकं दाट होतं की स्वतःचे बूट दिसत नव्हते. आबुंदियोचं दार सताड उघडं होतं. आत कुणी नाही. चुलीवर बटाट्याच्या सूपला वाफ येत होती. टेबलावर चमचा अर्धवट भरलेला होता, जणू जेवणारा माणूस घास तोंडाशी नेता नेता हवेत विरला होता. गव्हाणीतलं बाळ निळ्या काचेच्या डोळ्यांनी सेनोनकडे रोखून बघत होतं. त्याने ते लोकरी घोंगड्याखाली दडवलं आणि अधू डावा पाय ओढत घर गाठलं. बाळ गेलं गव्हाच्या पेटीत.

बुधवारी व्हायोलिन वाजलं नाही. न राहवून सेनोन दुपारी भावाच्या खिडकीशी गेला आणि आत डोकावला. गव्हाणीत बाळ होतं. तेच निळे डोळे. तो धापा टाकत घरी आला, पेटी उघडली. तिथंही बाळ होतं, पापण्यांना गव्हाचा भुसा लागलेलं.

"कुणाशी बोलताय पेटीत तोंड घालून?" त्याची बायको देल्मिरा दारातून म्हणाली.

"उंदीर बघतोय."

"उंदीर राहू द्या. डोन्या रूपेर्ताचं बाळ नाहीसं झालंय. आतून कडी होती म्हणे."

"कुणीतरी नेलं असेल. रीतच आहे."

"कबूल कोण करतंय? तिचं कालच उभं करून झालं होतं. उभं केलेलं बाळ कोण चोरतं हो?"

 सेनोन तडक भावाच्या घरी गेला. पुन्हा उघडं दार, पुन्हा वाफाळतं सूप, पुन्हा माणसाचा पत्ता नाही. त्याने ते दुसरं बाळही उचललं. एकदा चोर झाल्यावर दुसऱ्या खेपेला माणूस फार विचार करत नाही.

गुरुवारी गव्हाणीत तिसरं होतं. ते उचलताना सेनोनच्या बोटांना काहीतरी ओलं लागलं. बाळाच्या इवल्या पायांच्या तळव्यांना लाल चिखल होता. ताजा, चांगला बोटांच्या फटींत गेलेला.

घरी देल्मिराने नवी बातमी आणली. चर्चची घंटा आणि सणाला व्हायोलिन वाजवणाऱ्या एफ्रेनचंही बाळ गायब. "लोक काय म्हणतायत माहितीय? बाळं आपली आपण उठून चाललीत. रूपेर्ताच्या कुंपणाशी एफ्रेनला खूण दिसली. एवढंसं पाऊल."

"कुठं चाललीत?" सेनोनने विचारलं, पण ते त्याला कळून चुकलं होतं. गावातली बाळं एकेक करून आबुंदियोकडे चालली होती. आईच्या नवव्या दिवशी ज्याचं काळीज चिरलं गेलं, त्याच्याजवळ बसायला. आणि सेनोन दर दुपारी जाऊन त्यांना पेटीत कोंबत होता.

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. शुक्रवारी, सणाच्या आदल्या दिवशी, तो जपमाळ घेऊन स्वतःच्या गव्हाणीसमोर बसला आणि तसाच उठून उभा राहिला. त्यांचं स्वतःचं बाळ जागेवर नव्हतं. गवतात नुसता खोलगट ठसा होता.

"हेही उठून गेलं," तो पुटपुटला. घरात कुणी नव्हतं. देल्मिरा रूपेर्ताकडे गेली होती, सगळ्या गावाने मिळून एकच मिरवणूक काढायची असं ठरत होतं. सेनोनने तिन्ही बाळं टोपलीत घातली, वर पंचा झाकला आणि निघाला. आता पळवाट नव्हती. भावाच्या दारात जायचं, टोपली ठेवायची आणि जे सहा वर्षं घशात अडकलं होतं ते बोलून टाकायचं.

अर्ध्या वाटेवर धुक्यातून व्हायोलिन ऐकू आलं. मग दिवे दिसले, मिणमिणते, जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर तरंगणारे. माणसं दिसत नव्हती. दुपारी चार वाजता दिवे घेऊन कोण फिरतं? शुद्धिस्थानात अडकलेले मेलेल्यांचे आत्मे, दुसरं कोण! सेनोन दगडी बांधामागे दबकला. टोपलीतली बाळं एकमेकांवर आपटून खडखडली. दिवे त्याच्या डोक्यावरून गेल्यासारखे गेले, आणि त्या सगळ्या आवाजांत एक भसाडा आवाज त्याने बरोबर ओळखला. आबुंदियो गात होता.

'आत्म्यांबरोबर!' सेनोनने टोपली छातीशी धरली. 'दादा गेला. मी टोपली भरत बसलो आणि दादा गेला.'

मग तो लंगडत, ठेचकाळत, मोठ्याने रडत धावला. भावाचं दार ढकललं. सूप होतं, वाफ होती, माणूस नव्हता. त्याने अंथरूण पाहिलं, गोठा पाहिला, खाटेखालीसुद्धा पाहिलं. प्रेतही नव्हतं. गव्हाणीत मात्र एक बाळ होतं, करंगळी मेणाने जोडलेलं. हे त्याचं स्वतःचं. सेनोनने दार लावून घेतलं, तिन्ही बाळं त्याच्या शेजारी निजवली आणि गुडघे टेकले.

"दादाला सांगा," तो त्या चौघांना म्हणाला, "मी खोटं बोललो. तो पाद्रीला आणायला गेला होता. मला ठाऊक होतं. आई गेल्याचा राग कुणावर काढावा कळेना, म्हणून त्याच्यावर काढला."

दारावर थाप पडली.

बाहेर व्हायोलिन सुरू झालं. 'उघडा दार, बाळ हरवलंय आमचं,' असं ते जुनं गाणं, आणि सगळ्यांत वर तोच भसाडा आवाज. आत्मा आपल्याच घरी परत आला होता. पण रीत ती रीत. दारात गाणं म्हटलं तर आतल्याने उघडायचंच असतं. सेनोनने डोळे मिटून कडी काढली.

"डोळे उघड, गाढवा," आबुंदियो म्हणाला. त्याच्या टोपीवर दव साचलं होतं, नाक लाल झालं होतं आणि तो शिंकला. मेलेली माणसं शिंकत नाहीत. त्याच्यामागे अख्खं मुकुसाय मेणबत्त्या घेऊन उभं होतं.

"तुझ्याच घरी गेलो होतो," आबुंदियो म्हणाला. "कुणी नव्हतं. मग रूपेर्ता म्हणाली, आता फक्त तुमचंच घर उरलंय."

तोवर डोन्या रूपेर्ता त्याच्या काखेखालून आत घुसली होती. "चार! चारही इथं! डॉन आबुंदियो, माझं उभं केलेलं बाळ तुमच्या गव्हाणीत कसं?"

"मी आणलं," आबुंदियो म्हणाला. "खिडकीतून. एफ्रेनचंही. ते माझ्या हातून चिखलात पडलं, त्याबद्दल माफी असावी."

"आणि आमचं?" देल्मिराने विचारलं.

"तेही."

"अहो पण का?"

आबुंदियोने मेणबत्ती या हातातून त्या हातात घेतली. "मंगळवारी हा आत आला. याचा ओढता पाय ऐकू आला तसा मी जेवणावरून उठलो आणि गोठ्यात लपून बघत राहिलो. सहा वर्षांनी पहिल्यांदा माझ्या घरात आला. वाटलं, हाक मारेल. हा बाळ घेऊन पळाला." त्याने नाक पुसलं. "गव्हाणी रिकामी राहिली असती तर परत आला असता का? म्हणून मी ती भरत राहिलो. रोज सूप चुलीवर ठेवून गोठ्यात बसायचो. पण एक शब्द बोलेल तर शपथ! शेवटी म्हटलं, याचंच बाळ आणावं. मग तरी विचारायला येईल."

 एफ्रेन उगाच व्हायोलिनची खुंटी पिळू लागला.

"सगळी सारखीच दिसतायत," रूपेर्ता गव्हाणीवर वाकून म्हणाली. "आता माझं कोणतं ते कसं ओळखायचं?"

"गप्प बसा हो जरा," देल्मिरा म्हणाली.

सेनोन उंबऱ्याच्या आत उभा होता, घराचा मालक बाहेर धुक्यात. "दादा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज रविवारसारखाच चिरकला, "मी खोटं बोललो. तुम्ही पाद्रीला आणायला गेला होतात."

"ऐकू आलं नाही," आबुंदियो म्हणाला.

"तुम्ही पाद्रीला आणायला..."

"मोठ्याने. त्या दिवशी मोठ्याने बोलला होतास."

तेव्हा सेनोनने घसा साफ केला, चर्चमध्ये वाचतो तसा ताठ उभा राहिला, आणि अगदी शेवटच्या मेणबत्तीपर्यंत पोचेल अशा आवाजात ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. आबुंदियोने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, टोपी काढली आणि आपल्याच घरात पाहुण्यासारखा बूट झटकून पाऊल ठेवलं.