अर्ध्याहून कमी चौकोन

आमच्या ऑफिसच्या पूर्वेकडच्या खिडकीला पडदा नाही. तिथे माणसांचे मेंदू चिकटवलेले असतात.

नवीन माणूस आला की आधी तिकडे बघतो आणि मग हळूच विचारतो, "हे धानाचंच ऑफिस ना?" आम्ही हो म्हणतो. सिंदेवाहीत आमचं काम धानाच्या नव्या वाणांचं. मेंदूचं खातं गफूरभाईंनी स्वतःच्या अधिकारात उघडलंय.

भाईंची सरकारी नोकरी पानं मोजायची. धानाचं पान ग्राफच्या कागदावर ठेवायचं, कडेनं पेन्सिल फिरवायची आणि आतले चौकोन मोजायचे. कडेचा चौकोन अर्धा किंवा जास्त भरला तर धरायचा, अर्ध्याहून कमी असेल तर सोडायचा. वीस वर्षं हा गृहस्थ हेच करतोय आणि कंटाळलेला नाही, हीच खरं तर तपासण्यासारखी गोष्ट. एकदा साहेबांनी हौसेनं एक पान मोजलं. भाईंनी ते परत मोजलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, हा पावच भरला हाय. याले धरता येत नाई." तेव्हापासून साहेब पानांच्या वाटेला गेले नाहीत.

आता मेंदूच का? तर कबड्डी. तरुणपणी भाई इथल्या संघाचे कप्तान होते, हे ते दिवसातून दोनदा सांगतात, त्यामुळे मी सांगायची गरज नाही. आमच्याकडचं मैदान मुरमाचं. गडी पडला की डोकंच आपटतं. कुणी दोनचारदा आपटलाय असं कळलं की भाई त्याच्या दारात हजर. "नागपूरले स्कॅन काढला का? फिल्म आन. डॉक्टर नॉर्मल लिहून देते, मी मोजून देतो."

मग जुने खेळाडू मोठाले लिफाफे घेऊन येतात. फिल्मवर मेंदूच्या एकेक चकतीचं चित्र असतं. भाई ती काचेवर उन्हात लावतात, चित्र ग्राफवर उतरवतात आणि चौकोन मोजतात. मधली पाण्याची जागा वजा, चकतीच्या जाडीनं गुणाकार, शेवटी सगळ्यांची बेरीज. ज्याला जन्मात कुणी अक्कल आहे म्हटलं नाही, त्यालाही भाई ती घनसेंटिमीटरमध्ये लिहून देतात. मी एकदा म्हटलं, "भाई, माझाही मोजा." माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तुह्यासाठी बारीक चौकोनाचा कागद मागवा लागन."

रोज चारच्या चहाला झितरू मडावी येतो. मूळचा धानोऱ्याकडचा, भाईंच्या संघात चढाई करायचा. चार गडी अंगावर घेऊन परत यायचा म्हणे. आता बशीत चहा ओततो आणि विचारतो, "कप्तान, मॅच कवा हाय?"

"उद्या हाय. आज आराम कर," भाई सांगतात. रोज. मग त्याला घरापर्यंत सोडून येतात, कारण तो वळण चुकतो. "भाई, तुमची मॅच काही होत नाही," असं मी म्हणायचो. मला फार विनोदी वाटायचं ते.

झितरूची फिल्म दर हिवाळ्यात निघते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मेंदू आणखी आकसला नाही तर आहे एवढं तरी टिकेल, आकसत गेला तर माणसं ओळखणंही जाईल. गेली दोन वर्षं तो थोडा थोडा कमीच भरलाय.

या हिवाळ्यात भाईंनी त्याचे कागद माझ्यापुढे ठेवले. "तू मोज."

"काऊन? चष्मा हरवला?"

"फायनलमधी तो दोनदा पडला. मी डोस्क्यावर पानी मारलं, गमछा बांधला, पाठवला. तिसऱ्यांदा पडला तवा उठलाच नाई. कप मीच उचलला." भाई कागदाची कड सरळ करत होते. "माह्या हातानं मोजाची हिंमत नाई."

मी एकही विनोद न करता कागद माझ्याकडे ओढून घेतले. असं सहसा होत नाही.

दोन दिवस मी मोजत बसलो. भाईंचाच नियम लावला, एकही चौकोन इकडचा तिकडे केला नाही. गेल्या वर्षीपेक्षा कमी भरला. बराच कमी. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला मी आकडा सांगितला.

भाईंनी चष्मा लावला, कागद ओढला आणि कडेच्या एका चौकोनावर पेन्सिलीचं टोक ठेवलं. "हा धर."

"भाई, हा पावच भरलाय."

"धर ना."

तेवढ्यात झितरू आला. आपल्या स्टुलावर बसला. "कप्तान, मॅच कवा हाय?"

"उद्या हाय, झितरू," भाई म्हणाले. पेन्सिल तिथेच होती.

मी त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि तो चौकोन धरला. मग त्याच्या शेजारचाही.