टाळ्यांचा हिरवा दिवा

जगात जे आपोआप नीट चालतं, त्याकडे वेळीच लक्ष दिलं नाही तर ते तसंच नीट चालत राहण्याचा मोठा धोका असतो. शहरातल्या मोठ्या सभागृहात हा धोका वर्षानुवर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाढत होता आणि कुणाला त्याचा पत्ताच नव्हता. कार्यक्रम संपला की लोक टाळ्या वाजवत. सुरुवातीला नुसता कडकडाट, ज्याची त्याची टाळी वेगळी. मग बघता बघता अख्खं सभागृह एका ठेक्यात येई. कुणी सांगितलेलं नसे, कुणी मोजलेलं नसे. (प्रवेशद्वारावरच्या सूचनाफलकात तर या प्रकाराचा साधा उल्लेखही नव्हता.)

व्यवस्थापक मंडळाने एका प्राध्यापकांना बोलावून खुलासा मागितला. ते म्हणाले, "अहो, यात कुणी पुढारी नसतोच. प्रत्येक जण शेजारच्याची टाळी ऐकतो आणि आपली जराशी मागेपुढे करतो, बस्स. झाडावरचे काजवे असेच एकदम लुकलुकायला लागतात." मंडळाने प्राध्यापकांना चहा पाजला आणि इतिवृत्तात नोंद केली : 'काजव्यांमध्येही देखरेखीचा पूर्ण अभाव.' त्याच बैठकीत टाळी-संयोजक हे पद निर्माण झालं.

पद मिळालं सभागृहाच्या दिवेवाल्याला. का, तर पडद्याशेजारी त्याचं स्टूल आधीपासून होतं. नेमणूक अर्थातच हंगामी. रंगमंचाच्या कोपऱ्यात तीन दिवे बसवले : हिरवा म्हणजे टाळ्या सुरू, पिवळा म्हणजे ठेका धरा, लाल म्हणजे आता पुरे.

दिवेवाला भला माणूस, डोळ्यांत तेल घालून काम करणारा. पण पहिल्याच आठवड्यात त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. तो पिवळं बटण दाबेपर्यंत लोकांचा ठेका धरूनही झालेला असायचा! त्याने बोट आधीपासूनच बटणावर ठेवून पाहिलं, श्वास रोखून पाहिला. लोक आपले त्याच्या पुढेच.

"अगं, माझ्यावाचून तिथं काही अडतच नाही," तो जेवताना बायकोला म्हणाला.

"हळू बोला," ती म्हणाली. "कायम होईपर्यंत तरी."

मेहुणा पाहुणा आला होता. तो म्हणाला, "भाऊजी, उद्यापासून सूर्य उगवायचं खातंही तुम्हीच घ्या. बटण तेवढं वेळेवर दाबा म्हणजे झालं." दिवेवाला दोन घास कमीच जेवला.

मंडळाने मात्र हात टेकले नाहीत. हिरव्या दिव्याआधी टाळी वाजवणाऱ्याला अतिशय नम्रपणे शेवटच्या रांगेत नेऊन बसवण्यात येऊ लागलं. पुन्हा वाजवली, तर खांबामागे. (खांबामागून नाटक अधिक एकाग्रतेने ऐकता येतं, असं मंडळाचं मत आहे.) लोक काही दूधखुळे नसतात. वर्षभरात ते रंगमंच सोडून दिव्याकडे बघायला शिकले. एकदा एका नटीने सगळ्यांना रडवलं, तर लोक डोळे पुसत दिव्याकडे बघत बसले. वार्षिक अहवालानुसार सत्त्याण्णव टक्के टाळ्या दिव्याबरहुकूम पडल्या. उरलेल्या तीन टक्के टाळ्या डास मारताना वाजल्याचं चौकशीत निष्पन्न झालं.

दिवेवाल्याचा जीव भांड्यात पडला. आता त्याच्यावाचून अडत होतं! मंडळाने त्याला कायम करायचं ठरवलं. अट एकच आणि तीही साधी : जाहीर सत्कार व्हावा, आणि प्रेक्षकांनी एका ठेक्यात टाळ्या वाजवून पसंती द्यावी.

सत्काराला तो मेहुण्याचा कोट घालून गेला. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या, पण रुबाब होता. बायको तिसऱ्या रांगेत बसली होती, शेजारी तिचा भाऊ. अध्यक्ष भरभरून बोलले. "या माणसाने आपल्याला टाळ्या वाजवायला शिकवलं!" असं म्हणून त्यांनी दिवेवाल्याच्या हातात मानपत्र दिलं आणि ते थांबले.

सभागृहाने एकदम माना कोपऱ्याकडे वळवल्या. स्टूल रिकामं होतं. दिवा विझलेला होता.

"अहो, दिवा लावा की!" अध्यक्ष ओठ न हलवता म्हणाले.

"साहेब, मी इथं आहे ना."

स्टूल काही लांब नव्हतं. पण आपल्याच टाळ्यांचा दिवा आपणच कसा लावायचा? नियमात तशी तरतूद नव्हती, आणि त्याला लाजही वाटली. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने दोन्ही हात उचलले, दिव्याकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं. भाऊ तिच्याकडेच बघत होता. तिने हात पुन्हा मांडीवर ठेवले. कोटात घामाघूम झालेल्या दिवेवाल्याला फार एकटं वाटलं.

अख्खं सभागृह एका ठेक्यात गप्प होतं. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणी मोजलेलं नव्हतं.

मंडळाचा निर्णय लगेच आला. संयोजकाशिवाय टाळी पडत नाही हे निर्विवाद सिद्ध झाल्यामुळे पद कायम करण्यात येत आहे. विद्यमान संयोजकांना मात्र एकही टाळी न पडल्यामुळे त्यांना कार्यमुक्त करण्यात येत आहे. इच्छुकांनी अर्ज करावेत. (पहिला अर्ज मेहुण्याचा आला. कोट त्याच्याकडे होताच.)

तुम्हाला वाईट वाटलं असेल. वाटायलाच हवं. निदान एकाने तरी टाळी वाजवायची होती, असंही मनात आलं असेल. त्या संध्याकाळी तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या मनात नेमकं हेच आलं होतं. तेव्हा हळहळायचंच असेल तर खुशाल हळहळा. फक्त त्याआधी शेजारचा काय करतोय ते बघायला जाऊ नका. तो केव्हाचा तुमच्याकडे बघतोय.