सातवी 'ब'चे पंधरा विद्यार्थी

सकाळी साडेदहाला सराव शाळेच्या गच्चीवरची टाकी फुटली, जिन्यातून पाण्याचा लोंढा आला आणि सातवी 'ब' दप्तरं डोक्यावर धरून आनंदाने घरी पळाली. टेपताई वर्गाच्या दारात उभ्या होत्या. एका हातात परिमिती आणि क्षेत्रफळाचा तक्ता, दुसऱ्या हातात रंगीत खडू. अकरा वाजता बी.एड.चा अंतिम पाठ आणि समोर चाळीस रिकामे बाक.

टेपताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बारा वर्षं कपडे शिवल्यामुळे मापाची टेप गळ्यात घालायची सवय जडली होती आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी विद्यापीठात आल्यावरही ती सुटली नव्हती. वर्गातल्या पोरींनी पहिल्याच दिवशी बारसं करून टाकलं. आता जूनपासून एका शाळेने त्यांच्यासाठी जागा धरून ठेवली होती. अट एकच, पदवी हातात हवी.

परीक्षकबाई पावणेअकरालाच हजर झाल्या. रिकामा वर्ग पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वर्ग रिकामाच होता.

"मुलं कुठायत?"

"टाकी फुटली बाई. घरी सोडलं."

"मग पाठ कुणाला देणार? मला एक वाजता दुसऱ्या कॉलेजात पोचायचंय. यानंतरची तारीख थेट पुढच्या वर्षी."

"दहा मिनिटं थांबा," एवढंच म्हणून टेपताई शिक्षणशास्त्र विभागाच्या कार्यालयाकडे धावत सुटल्या.

तिथे हेडक्लार्कसाहेब बसत. त्यांच्या तोंडून 'हो' ऐकलेला माणूस विद्यापीठात अजून सापडायचा होता. टेपताईंची सगळी हकीकत त्यांनी शांतपणे ऐकली आणि मान हलवली. "नियमात बसत नाही."

"नियम तरी बघा ना साहेब!"

नियम बघा म्हटल्यावर मात्र त्यांना राहवेना. जाडजूड पुस्तक निघालं, बोट ओळीवरून सरकू लागलं. "पाठाच्या वेळी वर्गात किमान पंधरा विद्यार्थी असावेत... विद्यार्थी म्हणजे... पाठ शिकण्यासाठी वर्गात बसलेली व्यक्ती." बोट थांबलं. साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. पंचवीस वर्षांत त्यांना नियमात एवढी मोठी फट सापडली नव्हती. "वयाचा उल्लेखच नाहीये हो!"

मग जी धावपळ झाली तिला तोड नव्हती. दोन वॉचमन आले, बागेतून माळीमामा आले, कँटीनमधून तिघे हात पुसत आले. टाकी दुरुस्त करायला आलेला प्लंबर पान्यासकट बसला. एक ड्रायव्हर, दोन शिपाई, चार कारकून. मोजले तर चौदा! सगळ्यांच्या नजरा हेडक्लार्ककडे वळल्या.

"मी? मला कामं आहेत."

"नियम पंधराचा आहे साहेब," टेपताई म्हणाल्या. साहेब मुकाट्याने मागच्या बाकावर जाऊन बसले. बाक सातवीचा असल्याने त्यांचे गुडघे हनुवटीला लागले.

परीक्षकबाईंनी नियमाची ओळ दोनदा वाचली, मान डोलावली आणि खुर्चीत बसल्या. अकराला घंटा झाली. टेपताईंच्या पाठाच्या टाचणात लिहिलं होतं, 'विद्यार्थी उत्साहाने हात वर करतात.' इथे पंधराही जण हाताची घडी घालून बसले होते.

"मुलांनो," टेपताईंनी पाठ केल्याप्रमाणे सुरुवात केली. अठ्ठावन्न वर्षांच्या माळीमामांनी चटकन पाठ ताठ केली. "बागेभोवती कुंपण घालायचं झालं, तर काय मोजाल?"

"कुठली बाग?" माळीमामांनी विचारलं.

हे टाचणात नव्हतं. "कुठलीही. समजा, बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद."

"म्हणजे आपली पुढचीच. तिला वीस मीटर जाळी आली. दोन बाजू झाल्या आणि संपली. तीन वर्षं झाली, दोन बाजू उघड्याच आहेत. गाई आत येतात अन् झाडं खाऊन जातात!"

"वीस कुणी काढले?" प्लंबरने विचारलं.

मागच्या बाकावरून आवाज आला, "अर्जात लांबी बारा आणि रुंदी आठ लिहिली होती. बेरीज वीसच होते."

"अहो, पण बागेला बाजू किती?" माळीमामा उसळले. वॉचमन हसला, कँटीनवाले हसले, कारकुनांनी साहेबांच्या 'नाही'वरचा साठलेला राग एकदम काढला. वर्गात नुसता गलका. परीक्षकबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. आता गेलं वर्ष, असं टेपताईंना वाटलं. तेवढ्यात हेडक्लार्कही ओरडून बोलू लागले आणि टेपताईंच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "ए, बोलायचं असेल तर हात वर करायचा! आणि उभं राहून!"

वर्ग चिडीचूप. हेडक्लार्कनी हात वर केला आणि कसेबसे बाकातून उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

"मला..." ते हळू आवाजात म्हणाले, "मला गणित कधी जमलंच नाही. शाळेत विचारायची भीती वाटायची."

आता कुणी हसलं नाही. टेपताईंनी टाचण टेबलावर पालथं टाकलं आणि गळ्यातली टेप त्यांच्या हातात दिली. "या पुढे. कमरेचं माप घेताना आम्ही पुढून निघतो, सगळा फेर घेतो आणि निघालो तिथेच परत येतो. मधेच थांबलो तर झगा अंगात शिरेल का? या टेबलाचं तसंच माप घ्या."

साहेब टेबलाभोवती फिरले. पहिल्या कोपऱ्याला थांबले, दुसऱ्याला थांबले, टेपताईंकडे पाहिलं. "अजून निघालो तिथे पोचलो नाही," स्वतःशीच पुटपुटले आणि पुढे सरकले. फेरी पूर्ण झाली तेव्हा फळ्याजवळ जाऊन त्यांनी कुणी न सांगता लिहिलं : बारा, आठ, बारा, आठ. चाळीस!

वर्गाने टाळ्या वाजवल्या. माळीमामांनी सगळ्यांत जास्त.

"उरलेले वीस मीटर सोमवारी मागवतो," साहेब म्हणाले.

परीक्षकबाईंनी घड्याळ पाहिलं आणि दचकल्या. "अगंबाई, पाऊण तास झाला! पाठ पस्तीस मिनिटांचा असतो. क्षेत्रफळ तर राहूनच गेलं, त्याचे गुण मला देता येणार नाहीत."

"समजलं, बाई," टेपताई कशाबशा म्हणाल्या.

"बाकीचे मात्र पूर्ण दिलेत." बाईंनी सही ठोकली. "पास आहात तुम्ही. वेळ संपल्याचं मीच सांगायचं असतं. पण टेबलाचं काय होतंय ते बघत बसले."

कागद छातीशी धरून टेपताई फाटकापाशी आल्या. हसावं की रडावं, कळत नव्हतं. वॉचमनने फाटक उघडलं, पण त्यांना जाऊ देईना.

"मग उद्या किती वाजता, बाई?"

"उद्या कसलं? माझी परीक्षा झाली ना."

"तुमची झाली हो. आमचं क्षेत्रफळ राहिलंय. साहेबांनी पुढचा बाकसुद्धा अडवून ठेवलाय."

टेपताईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "साडेदहा. आणि वह्या घेऊन या सगळ्यांनी."