मैत्री विभागातला गैरप्रकार

पुस्तकांची यादी करावी ती आपणच, बाकीच्यांनी फार तर वाण्याची करावी, असं संहिताचं ठाम मत होतं. आणि ते ती कुणी न विचारताही सांगायची! त्यामुळे कानडी मुलखातल्या चामराजपेटेच्या मराठी मंडळाचे चिटणीस कृष्णाजीअण्णा जेव्हा म्हणाले, "महिला दिनाला वाचनालयात स्वल्प, थोडीशी नवी पुस्तकं घेऊ, यादी दे बघू," तेव्हा तिनं मोठ्या सर्जनला कुणी बोटातला काटा काढायला सांगावा, तशी मान हलवली.

शनिवारी सकाळी तासाभरात यादी तयार! थोर स्त्रियांची चरित्रं, घरगुती औषधं, दोन प्रवासवर्णनं. मग उरलेला दिवस तिनं दुसऱ्या यादीत घातला. ही मात्र जीव ओतून केलेली. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांची अठरा पुस्तकं: कविता, आत्मचरित्रं, खुनाच्या गोष्टी, भुताच्या गोष्टी, एक तर थेट अंतराळातली कादंबरी! आईच्या नजरेला पडलीच तर असू दे, म्हणून प्रत्येकापुढे लिहिलेलं 'दोन मैत्रिणींची गोष्ट'. ही यादी सिद्धीच्या वाचनगटासाठी होती. सिद्धी पुण्याहून नोकरीसाठी इथं आलेली. संहिताच्या आईच्या, म्हणजे सुलभाताईंच्या लेखी ती लेकीची 'ऑफिसातली मैत्रीण' होती. खरं तर गेली दोन वर्षं त्या दोघी एकमेकींच्या होत्या.

एका फाइलचं नाव 'यादी फायनल', दुसरीचं 'यादी फायनल नवी'. मंडळाला कुठली गेली हे सांगायला हवं का?

आठ दिवसांनी सिद्धीनं आलेली फाइल उघडली आणि तिचा फोन आला. "अगं, माझ्या ग्रुपला तू बाळंतिणीचा काढा का पाठवलायस?"

संहिता धावत मंडळात पोचली. उशीर झाला होता! अठराच्या अठरा पुस्तकं विकत घेऊन झालेली, काही टेबलावर मांडलेली आणि वर कृष्णाजीअण्णांच्या वळणदार अक्षरात पाटी: 'मैत्री विभाग'.

"काय यादी दिलीस!" अण्णा खुशीत होते. "प्रत्येक पुस्तकापुढे 'दोन मैत्रिणींची गोष्ट'! मैत्रीवर एवढं साहित्य आहे, मला ठाऊकच नव्हतं!"

"अण्णा, ही पुस्तकं मी परत—"

"परत कशी? निम्मी गेलीसुद्धा वाचायला!"

आता एकेक पुस्तक गुपचूप परत मिळवायचं, असा बेत तिनं केला. पहिला मोर्चा अनुसूयाअक्कांकडे. अक्का चौऱ्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या समोर आजही लोक हात मागे बांधून उभे राहतात.

"अक्का, ते भुताचं पुस्तक... जरा चुकीचं आलंय."

"चुकीचं काय त्यात? भूत बाई आहे, घरमालकीण बाई आहे, दोघींचं जमलंय. सरी, ठीकच आहे! पण हे लवकर संपेल. असलंच दुसरं काय आहे?"

इथं संहितानं गप्प बसायचं होतं. पण कुणी 'दुसरं काय आहे' विचारलं की तिचं तोंड कुलूप तुटलेल्या दारासारखं उघडायचं! पाऊण तास बोलून ती बाहेर पडली, तेव्हा जुनं पुस्तक अक्कांकडेच होतं आणि आणखी पाच नावं अक्कांच्या वहीत गेली होती. आठवडाभरात सहा घरांत हेच झालं. परत मिळालेली पुस्तकं शून्य, सुचवलेली एकतीस!

आणि मग नोटीस लागली. 'रविवारी तातडीची सभा. विषय: मैत्री विभागातला गैरप्रकार.'

"चूक झाली म्हण आणि सुट," सिद्धी म्हणाली.

"यादी चुकून गेली. पुस्तकं चुकीची नाहीत," संहिता म्हणाली. आजवर ती प्रत्येक ठिकाणी हसून विषय बदलत आली होती. तिला एकदम त्याचा कंटाळा आला. "मी सॉरी म्हणणार नाही. बास!"

रविवारी सभेला चाळीस माणसं. तिसऱ्या रांगेत सुलभाताई, दाराशी सिद्धी. कृष्णाजीअण्णांनी "खेदाची गोष्ट अशी की" एवढंच म्हटलं आणि संहिता ताडकन उठली.

"हो, ही मैत्री नाही! प्रेम आहे! बायकांचं बायकांवर! आणि त्यात गैर काही नाही. पंधराव्या वर्षी मला यातलं एक जरी पुस्तक मिळालं असतं, तर जगात आपण एकटीच अशी, असं समजून मी वर्षानुवर्षं घाबरत बसले नसते. हो, मी तशीच आहे! आणि ही सिद्धी माझी नुसती मैत्रीण नाही!"

अकरा मिनिटं ती हक्क, अस्मिता असं बरंच काही बोलली. मग बसली.

कृष्णाजीअण्णांनी घसा खाकरला. "संहिता... गैरप्रकार म्हणजे... त्या रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलंय. सभा त्यासाठी होती."

संहिताला वाटलं, फरशी उघडावी आणि आपण थेट खालच्या मेट्रोत पडावं!

मंडळाचे जुने सभासद त्रिविक्रमराव मात्र उठले. "म्हणजे ही असली पुस्तकं आहेत? आत्ताच्या आत्ता काढा!"

संहिता पुन्हा उभी राहिली. "काढायची तर माझं नावही सभासदांतून काढा. पण लपवणार मी काहीच नाही. पुस्तकंही नाही, स्वतःलाही नाही."

"बस खाली, त्रिविक्रम," अनुसूयाअक्का म्हणाल्या. "न वाचता मत देणाऱ्याला मी वर्गात बाकावर उभं करत असे."

मतदान झालं. तेवीस विरुद्ध सोळा. पुस्तकं राहिली. त्रिविक्रमराव आणि आणखी चौघं राजीनामे ठेवून गेले. कृष्णाजीअण्णांनी कुणालाच मत दिलं नाही. पण पाटी उतरवून तिच्यावर 'मैत्री' खोडलं आणि बराच विचार करून 'प्रेम' लिहिलं.

घराकडे सुलभाताई भराभर पुढे निघाल्या. मागून संहिता, तिच्या मागून सिद्धी, पोलिसांनी धरून आणल्यासारख्या. दार उघडून सुलभाताईंनी तीन पाट मांडले.

"आई, तू रागावलीस?"

"चाळीस माणसांना सांगितलंस. त्यांच्या आधी मला सांगायचं होतंस." मग त्यांनी सिद्धीच्या पानात आमटी वाढली. "बस गं तू. उभी काय राहिलीस?"

संहिताचे डोळे भरून आले. "पण आई... मी बोलले कशी?"

"ठीक," सुलभाताई म्हणाल्या. "'अस्मिता' हा शब्द सात वेळा आला. मी मोजलं."